‘जा, झोपा’ म्हणणारं रिट्रीट: पाचापैकी पावणेचार

आधीच सांगते, आम्ही रिट्रीटला, म्हणजे कामापासून दूर प्रार्थनेला आणि विसाव्याला, गेलो होतो त्या ठिकाणाचं नाव लिहिणार नाही. खाली तक्रारी आहेत, आणि ज्यांच्या हातची भाकरी तीन दिवस खाल्ली त्यांचं नाव घेऊन तक्रार केलेली माझ्या आईला आवडली नसती. खुलताबाद सोडून म्हैसमाळच्या रस्त्याला लागलं की चढाच्या अलीकडं एक शेत आहे. शेतात तीन बैठ्या इमारती, एक लहानसं प्रार्थनेचं दालन आणि भरपूर कडुलिंब. एवढं पुरे.

मी बीड जिल्ह्यात एका ख्रिस्ती संस्थेच्या युवा सेवा कार्यक्रमाची कोऑर्डिनेटर, 11 वर्षांपासून. 18 ते 24 वयाची पोरं-पोरी वर्षभरासाठी आमच्याकडं येतात आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळं जावंच लागतं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत मुलं एकतर फडावर, नाहीतर आजीपाशी. त्यांची शाळा सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवायचं, हे आमचं काम. गेल्या हंगामात 42 मुलं होती, 14 स्वयंसेवक आणि आम्ही 7 पगारी माणसं. रात्री दोनला कुणी आईच्या नावानं रडायला लागलं की 19 वर्षांची पोरगी उठते. ती रडायला लागली की मी.

अशा माणसांना वर्षातून एकदा रिट्रीटला न्यावं असं संस्थेचं धोरण आहे, आणि ते चांगलंच आहे. पण नेलं म्हणजे झालं असं नसतं. एका वर्षी आम्हाला एका रिसॉर्टवर नेलं. डोळे बांधून एकमेकांच्या हातांवर पडायचं, फुगे फोडायचे, दोरीची गाठ सोडवायची. गाठ सुटली, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली. परतीच्या गाडीत दोघं जण डिझेलच्या बिलावरून तीन तास भांडत आले. दुसऱ्या वर्षी मांडव, साऊंड सिस्टीम आणि दोन दिवसांत पाच वक्ते. देवाची वाणी ऐकायला गेलो आणि कान दुखत परत आलो. त्यातून ते ठेवलं होतं डिसेंबरात, भर हंगामात. प्रार्थनेला डोळे मिटले की कुणाच्या तरी खिशात फोन थरथरायचा: गहू संपला, अमक्याला ताप आला, मोटार जळाली. दुसऱ्या संस्थांना पहिला सल्ला हाच, हंगामात रिट्रीट ठेवू नका.

यंदा जुलैत ठेवलं, आषाढी उरकल्यावर. आषाढीआधी ठेवलं असतं तर आमचे अकाउंटंट दादा आलेच नसते. गळ्यात माळ, वारी चुकवत नाहीत, आणि आमच्या संस्थेचा पैसा न् पैसा त्यांच्या वहीत. गेवराई, शहागड, पाचोड करत संभाजीनगर, पुढं दौलताबादचा घाट. पोचायला चार वाजले. पाऊस नुकताच पडून गेला होता. बीडच्या माणसाला हिरवा डोंगर दिसला की आधी दोन मिनिटं कुणी बोलत नाही, मग सगळे फोटो काढतात.

फोन दारातच घेतले. कापडी पिशवी, त्यावर नाव, पिशवी कपाटात. तातडीसाठी ऑफिसचा एक नंबर घरी द्यायचा आणि तिथं चोवीस तास माणूस असणार. मी पिशवीत फोन टाकला आणि दुसरा, कामाचा, पर्समध्ये राहू दिला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलंय.

रिट्रीट चालवणारे दोघं होते. एक निवृत्त प्रोटेस्टंट पाळकसाहेब, सत्तरीच्या पुढचे, आणि एक कॅथलिक सिस्टर. आमच्यात दोन्हीकडची माणसं असल्यामुळं हे बरं झालं. पाळकसाहेबांचं घराणं जालन्याजवळच्या बेथेलचं. मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामशाहीत वसवलेलं गाव ते. 1843 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढं जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर वस्ती उभी केली. पाळकसाहेब हे सांगताना हसून म्हणाले, “बेथेल म्हणजे देवाचं घर. आणि हे नाव पहिल्यांदा दिलं कुणी? बायबलमधल्या याकोबानं. घरातून पळालेला माणूस, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला, स्वप्न पडलं, उठून जागेला नाव दिलं. आमच्या गावाचं नावच एका झोपलेल्या माणसानं ठेवलंय. म्हणून मी झोपेला पाप मानत नाही.”

पहिल्या रात्री जेवणानंतर आम्ही वह्या-पेनं घेऊन बसलो. व्याख्यान होणार, मुद्दे लिहायचे, ही सवय. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या पहिल्या राजे ग्रंथाचा 19वा अध्याय काढला. एलीयाची गोष्ट. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, ईजबेल राणीच्या एका धमकीनं रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, मला मरू दे. देवदूत येतो. “देवदूतानं त्याला उपदेश केला का? नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली आणि पाणी दिलं. तो खाऊन परत झोपला. देवदूतानं परत उठवून परत खायला दिलं. डोंगरावरची वाणी-बिणी नंतर. तुम्ही जेवलात ना? मग जा, झोपा. उद्या घंटा होणार नाही.” दहा मिनिटं. संपलं. आमचा एक पोरगा माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, “ताई, हे एवढ्याचेच पैसे घेतेत का?”

मी साडेनऊला पडले आणि सकाळी आठला उठले. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. पर्समधल्या फोनची बॅटरी रात्रीच संपलेली, आणि चार्जर बीडलाच राहिलेला. प्रभूची योजना म्हणायची का विसराळूपणा, तुम्ही ठरवा.

आता जेवणाबद्दल, कारण पैसे त्याचेही आहेत. सकाळी सुशीला. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये, ही बाई नाही, मुरमुऱ्याचा नाश्ता आहे, शेंगदाणे आणि कढीपत्ता सढळ. दुपारी ज्वारीच्या भाकरी, येसर आमटी, ठेचा. रात्री पिठलं-भात. दुसऱ्या दिवशी धपाटे आणि घट्ट दही. स्वयंपाकाच्या मावशी पानाजवळ उभ्या राहून वाढायच्या. आमच्या पोरी सवयीनं भांडी घासायला उठल्या तर मावशींनी दटावलं, “बसा गं, वर्षभर घासताच की.” एकजण तिथंच रडायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

दुसरा दिवस मौनाचा. नाश्त्यानंतर संध्याकाळी पाचपर्यंत बोलायचं नाही. पाळकसाहेबांनी फक्त एक प्रश्न दिला. एलीया देवाला म्हणतो, मीच एकटा उरलोय. त्याच अध्यायात दोनदा म्हणतो, शब्दही बदलत नाही. “तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता?”

पहिला तास मी म्हशी मोजल्या. समोरच्या बांधावर सहा होत्या. मग वहीच्या मागच्या पानावर कामांची यादी केली, 23 कामं झाली. मग कडुलिंबाखाली परत डोळा लागला. जागी झाले तेव्हा अकाउंटंट दादा समोरच्या कट्ट्यावर बसलेले, ओठ हलतायत, नामस्मरण चालू. आमच्यापैकी कुणापेक्षाही त्यांना मौन सोपं गेलं. त्यांना प्रार्थनेला बसाच असं कुणी म्हटलं नाही, आणि बसू नका असंही नाही. ही बाजू मी आवर्जून लिहिते, कारण आमच्या निम्म्या संस्थांमध्ये निम्मा स्टाफ ख्रिस्ती नसतो आणि रिट्रीट ठरवताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

तर तो प्रश्न. ‘मीच एकटी’ हे मी इतक्या वेळा म्हणते की माझा नवरा माझी नक्कल करतो. धान्याच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला, औषधाच्या पेटीची माझ्या कमरेला, गॅसचं पुस्तक माझ्या कपाटात. मला वाटायचं हे दमणं आहे. त्या दुपारी लक्षात आलं की यात दमण्यापेक्षा मिरवणं जास्त आहे. मीच एकटी करते, म्हणजे बाकीचे 20 जण काय शेंगा खातात? देवानंही एलीयाला हेच ऐकवलं होतं, इस्राएलात सात हजार अजून उरलेत. शिवाय सोबतीला अलीशा नावाचा शिष्य दिला. हे वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलंय, पण माझ्या कमरेच्या जुडग्याशी कधी जोडलं नव्हतं.

आणि मग एक पोरगी आठवली. नांदेडकडची, गेल्या वर्षीची स्वयंसेविका. जानेवारीत तिनं बहिणीच्या बाळाच्या बारशासाठी दोन दिवस मागितले. मी म्हणाले, सेवेला सुट्टी नसते. ती गप्प राहिली, वर्ष पूर्ण केलं, एप्रिलमध्ये गेली. त्याच जानेवारीत मी भाच्याच्या साखरपुड्याला दीड दिवस जालन्याला जाऊन आले होते. माझी ती सुट्टी अर्थातच ‘अत्यावश्यक’ होती.

संध्याकाळी सिस्टरांनी परीक्षण घेतलं. इग्नेशियस लोयोलांची सोळाव्या शतकातली पद्धत: दिवस मागं जाऊन बघायचा, कशाबद्दल आभार, कुठं चुकलं, उद्या काय. त्यांची पूर्ण साधना साधारण 30 दिवसांची असते. आम्हाला 20 मिनिटं मिळाली. मला तेवढी पुरली, जास्त झाली असती तर पळाले असते. मेणबत्ती, एक भजन, पेटी थोडी बेसूर. सक्तीनं बोलायचं नव्हतं. मी बोलले नाही.

आता तक्रारी. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनाचा एक माणूस आला आणि दोन दिवसांत झालेलं सगळं घालवायच्या बेतात होता. आधी ‘वैयक्तिक वाढ’ नावाचा फॉर्म: तुमच्या भावनिक साठ्याला एक ते दहा गुण द्या. भावनिक साठा! आमच्या स्वयंपाकघरात तेलाचा साठा असतो, धान्याचा असतो. एका पोरानं तिथं ‘दोन क्विंटल’ लिहिलं. मग प्रत्येकानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यात काय बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं, मोबाइलवर शूटिंग, देणगीदारांना पाठवायला. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी सांगितलं असतं. ज्यांना नव्हतं त्यांनी खोटं सांगितलं, मीही. म्हणाले, “खूप ताजंतवानं वाटलं.” दादांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “जेवण चांगलं होतं,” आणि खाली बसले. तेवढी एकच साक्ष खरी होती.

दुसरी तक्रार संडास-बाथरूमची. बारा बायकांना दोन. सकाळी रांग, गरम पाणी पहिल्या चौघींपुरतं. मौनाच्या दिवशी रांगेत हातवाऱ्यांनी भांडण कसं करतात ते मी तिथं शिकले. वरच्या इमारतीला पायऱ्या फार, कठडा नाही. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी खालची खोली आधीच मागून घ्यावी.

रिट्रीटनं माणूस बदलतो का, असं मला संस्थेच्या कार्यकारिणीनं विचारलं. मी काय बदललं तेवढं सांगते. धान्याच्या खोलीची किल्ली आता एका वीस वर्षांच्या पोराकडं आहे. पहिल्याच महिन्यात तेल दोन लिटर कमी भरलं. मी काही बोलले नाही. म्हणजे, फार बोलले नाही. पुढच्या महिन्यात बरोबर भरलं. स्वयंसेवकांना आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी सुरू केली, त्या दिवशी त्यांना कुणी ‘जरा एक मिनिट’ म्हणूनही हाक मारायची नाही. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मीच मोडलाय.

आणि नांदेडच्या पोरीला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, माझ्या तर लक्षात पण नाही ते.” मी हुश्श केलं. मग ती थोडी थांबून म्हणाली, “बारशाचा व्हिडिओ बघितला मी तेव्हा. गच्चीवर बसून. पाळण्याचा आवाज आला नाही नीट.” यावर मला काही बोलता आलं नाही. बाळ आता चालायला लागलंय म्हणे.

हिशेब: राहणं, जेवण, मार्गदर्शन मिळून माणशी दिवसाला 850 रुपये पडले, गाडीभाडं वेगळं. त्यात घासाघीस होत नाही, पण गट वीसच्या वर असेल तर ते स्वतःहून कमी करतात. तीन दिवस घ्या, दोन दिवसांत फक्त झोप होते. तिसऱ्या दिवशीचा फॉर्म आणि साक्ष नको असं बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा. शनिवारी पोचू किंवा निघू नका, श्रावणात तर मुळीच नाही. भद्रा मारुतीच्या गर्दीत गाडी खुलताबादेतच अडकते. पांघरूण तिथं मिळतं, स्वच्छ असतं. उशी मात्र घरून न्या. तिथली याकोबाच्या काळातली आहे.