रेव्हिट की आर्किकॅड? निवड करणाऱ्या वास्तुविशारदासाठी

एकदा काढलेली भिंत प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन या तिन्हींत आपोआप उमटणे, ही सोय रेव्हिट आणि आर्किकॅड या इमारतीचे त्रिमितीय मॉडेल घडवणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे वैशिष्ट्यांच्या याद्या ताडून फारसे काही हाती लागत नाही. खरा फरक मला जाणवला तो आपले मॉडेल कन्सल्टंटकडे जाऊन परत येते तेव्हा.

वास्तुरचना, स्ट्रक्चर आणि एमईपी (वातानुकूलन, वीज, नळकाम अशा यंत्रणा) ही तिन्ही कामे एकाच प्रोग्रॅममध्ये होणे, हे रेव्हिटचे मोठे बळ आहे. सगळे कन्सल्टंट रेव्हिटवरच असतील, तर तुळईला छेदून जाणारी डक्ट साइटवर नव्हे, पडद्यावरच सापडते, आणि या सोयीचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. फॅमिलींमुळे, म्हणजे मापे बदलता येणाऱ्या तयार घटकांमुळे, दारे-खिडक्यांची शेड्यूल (तपशिलाचे तक्ते) चोख राहतात. मात्र चांगली फॅमिली घडवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि भिंतीची जाडीही ठरलेली नसते अशा आरंभीच्या टप्प्यावर ही शिस्त मला काहीशी जाचक वाटली.

आर्किकॅड हे बुडापेस्टमध्ये 1982 साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्टचे उत्पादन. ते मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालते; रेव्हिट केवळ विंडोजवर. रेषांची जाडी, हॅच (पृष्ठभाग भरणाऱ्या रेघा) आणि एकूण ड्रॉइंगची मांडणी यांवर आर्किकॅडमध्ये माझा हात लवकर बसला. त्याची उणी बाजू अशी की मनाजोगती गुंतागुंतीची वस्तू हवी असल्यास अनेकदा जीडीएल या भाषेत कोड लिहावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक वास्तुविशारदाकडे वेळ असतोच असे नाही.

माझा निर्णय मात्र आवृत्त्यांच्या प्रश्नावर झाला. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत उघडून जतन केली की तिला जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही. एका प्रकल्पात कन्सल्टंटने काम अर्ध्यावर असताना नवी आवृत्ती स्वीकारली. त्यापाठोपाठ आम्हालाही टेम्प्लेट आणि प्लग-इन बदलावे लागले, आणि आराखड्यावर खर्चायचे दिवस फाइली सावरण्यात गेले. आपल्या कामाचा वेग दुसऱ्याच्या अपडेटवर ठरावा, हे मला आजही पटत नाही. आर्किकॅडमध्ये फाइल लगतच्या मागील आवृत्तीत जतन करता येते. ही सवलत एकाच पायरीची आहे खरी, पण चालू प्रकल्प पार पडेपर्यंत ती बहुधा पुरते.

कन्सल्टंटशी देवाणघेवाण आयएफसी या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या खुल्या फॉरमॅटमधून करावी लागते, ही आर्किकॅडवाल्यांची अडचण मी नाकारत नाही. आयएसओ 16739 म्हणून मान्य झालेल्या या फॉरमॅटमधून आकार आणि माहिती जाते, परंतु पलीकडे पोहोचलेले दार मूळ दारासारखे सहज बदलता येईलच असे नाही. माझ्या अनुभवात स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आमचे मॉडेल संदर्भासाठी हवे असते, बदलण्यासाठी क्वचितच.

करारातच रेव्हिटचे मॉडेल मागितले असेल, तर प्रश्न उरत नाही. तसे बंधन नसेल आणि कार्यालय लहान किंवा मध्यम असेल, तर आधी आर्किकॅडची चाचणी आवृत्ती घ्यावी, नेहमीच्या कन्सल्टंटशी एका पूर्ण मजल्याची आयएफसी फाइल दोन्ही दिशांनी फिरवून पाहावी, आणि मगच लायसन्सचा खर्च करावा, असे मी सुचवेन.