गायगर काउंटर घेतलाय (चिनी, स्वस्तातला) – कोणी घ्यावा, कोणी नको

चार-पाच हजारात ऑनलाइन मिळणारा तो काचेच्या ट्यूबवाला गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारा मीटर) घेतला, बरेच जण विचारत होते म्हणून लिहितोय. चालतो का, तर हो, चालतो. घरात २०-२५ सीपीएम (मिनिटाला किती कटकट) दाखवतो, आकडा सारखा वरखाली होतो त्यात घाबरायचं काही नाही, दहा मिनिटं ठेवून सरासरी घ्या. पेट्रोमॅक्सच्या बत्तीचा मेंटल असतो ना, जुन्या पाकिटातला, त्यात थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं, त्याला चिकटवलं की कटकट कटकट सुरू, खरं टेस्टिंग तेच. आणि शेजारचे काका थॅलियम टेस्ट (हृदयाची तपासणी, त्यात किरणोत्सर्गी औषध टोचतात) करून संध्याकाळी आले, सोफ्यावर बसले आणि मीटर बोंबलायला लागला, काकू हादरल्या 😄 नाव थॅलियम असलं तरी बऱ्याच ठिकाणी टेक्नेशियम-९९एम देतात, ते ६ तासात निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी सायंकाळी मीटरची बोंब बरीच कमी.

आता तोटे. अल्फा किरण (किरणोत्सर्गाचा सगळ्यात कमी आरपार जाणारा प्रकार) काचेतून आत शिरतच नाहीत. भाजी-दूध तपासायला घेत असाल तर पैसे वाया, अन्नातलं थोडंफार याला कळणार नाही. मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला बसणाऱ्या डोसचा) आकडा तर नुसता अंदाज, कारण सीपीएमला एका ठरलेल्या फॅक्टरने गुणतात आणि तो एखाद्याच सोर्ससाठी बरोबर असतो. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नाही, जीपीएस नाही, डेटा सेव्ह होत नाही. हे मला जास्त खटकलं. फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर २०११ मध्ये जपानमध्ये सेफकास्ट या स्वयंसेवी गटाच्या लोकांनी गाडीला मीटर लावून रस्तोरस्ती रीडिंग घेतली आणि सगळा डेटा खुला ठेवला, सरकारच्या आकड्यांशी कोणीही ताडून बघावं. असल्या मीटरवर ते जमणार नाही.

तरी माझ्या मते हा खरा हवा तो भंगारवाल्यांकडे. २०१० ला दिल्लीत मायापुरीत काय झालं आठवा, दिल्ली विद्यापीठाने १९८५ पासून वापरात नसलेलं गॅमा किरणांचं मशीन लिलावात विकलं, आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू, भंगारात ते फोडलं, एकाने तुकडा चक्क पाकिटात ठेवला होता, एक माणूस गेला. एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम होतेच की, पण मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं तर नियम काय करणार, आणि भंगाराच्या दुकानात बघायला कोण जातं? आतला कोबाल्ट उघडा पडल्यावर तिथं असला साधा मीटरसुद्धा लांबूनच ओरडला असता, कारण कोबाल्टचा गॅमा जबरदस्त, त्याला अचूकपणा लागत नाही.

घेतलात तर अलार्म लेव्हल स्वतः सेट करा. खरंच कुठे भरमसाट वाजला तर हात न लावता लांब व्हा आणि ११२ ला फोन करा, हीरोगिरी नको, व्हिडिओ नंतर. ५ पैकी ३.५. बॅटरीचं झाकण दोनदा निखळलं, तिथं चिकटपट्टी लावलीये.