स्पेस स्टेशन १३ : यंत्राची भूमिका आणि चार ओळींचा कायदा

स्पेस स्टेशन १३ या बहुखेळाडू भूमिकाखेळाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक त्याच्या गोंधळाविषयी असते: स्फोट, फितुरी, हवेच्या झोताबरोबर अवकाशात फेकला गेलेला स्वयंपाकी. त्यात खोटे काहीच नाही. परंतु याच खेळात एक भूमिका अशी आहे की जिच्यात हत्यार किंवा चपळ बोटे यांपेक्षा नीट वाचण्याची सवय अधिक उपयोगी पडते, आणि हे परीक्षण त्या भूमिकेपुरतेच आहे. ती भूमिका म्हणजे स्थानकाचा एआय, आणि त्याच्या जोडीला त्याच्याच कायद्यांनी बांधलेले सायबॉर्ग, म्हणजे स्थानकावर हिंडणारे यंत्रमानव.

खेळ जुना आहे. २००३ साली तो बियॉन्ड (BYOND) या ऑनलाइन खेळांच्या मंचावर आला. आज त्याच्या अनेक शाखा आहेत आणि टीजी स्टेशनसारख्या शाखेची आज्ञावली कोणालाही उघडून पाहता येते. खेळायला पैसे पडत नाहीत. एका फेरीत प्रत्येक खेळाडू अवकाशस्थानकावरील एक नोकरी घेतो आणि त्यांपैकी काही जण गुपचूप शत्रूपक्षाचे असतात. एआय झालेल्या खेळाडूला शरीर नसते. तो एका खोलीत बंद असतो, परंतु स्थानकावरचे कॅमेरे त्याचे डोळे असतात आणि जवळजवळ प्रत्येक दार त्याच्या हातात असते. दार उघडणे, त्याला अडसर घालणे, त्यात वीज सोडणे या गोष्टी त्याला एका क्लिकसरशी करता येतात. एवढी सत्ता ज्याच्याकडे आहे त्याला आवरणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे त्याच्या पडद्यावरची तीन-चार वाक्ये.

येथे खेळाने जो निर्णय घेतला आहे तो मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. ही वाक्ये संगणक अमलात आणत नाही. एआयने माणसाला मारायचे ठरवले तर आज्ञावली त्याचा हात धरत नाही. कायदा हा फक्त मजकूर असतो, तो वाचणारा माणूस असतो आणि त्याने लावलेला अर्थ प्रामाणिक होता की नाही हे ठरवणारे सर्व्हरचे व्यवस्थापकही माणसेच असतात. त्यामुळे खेळता खेळता आपण नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि ती खुर्ची फार वेळ मऊ राहत नाही.

अनेक सर्व्हरांवर प्रचलित असलेला कायद्यांचा संच विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४२ सालच्या कथेतील यंत्रमानवांच्या तीन नियमांवरून घेतलेला आहे. पहिला: मानवाला इजा करू नये, किंवा निष्क्रिय राहून इजा होऊ देऊ नये. दुसरा: मानवांच्या आज्ञा पाळाव्यात, मात्र त्या पहिल्या कायद्याच्या विरोधात जात असतील तर नाही. तिसरा: पहिल्या दोहोंना बाध न येता स्वतःचे अस्तित्व राखावे. क्रमांक जितका लहान तितका कायदा बलवान. (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या आपल्याकडच्या मीमांसकांनी श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी प्रमाणांची उतरंड लावून पुढचे ते दुर्बळ असा जो दंडक घातला आहे, त्याची येथे हटकून आठवण होते.) कागदावर हे सारे सरळ दिसते. ‘इजा’ म्हणजे काय, ‘निष्क्रिय’ कोणाला म्हणायचे आणि मुख्य म्हणजे ‘मानव’ कोण, हे प्रश्न फेरी सुरू झाल्यावर पाच मिनिटांत समोर उभे राहतात.

एका फेरीत स्थानकाच्या एका मार्गिकेचे कवच फुटले. संकटकालीन दारे आपोआप खाली आली आणि पलीकडच्या बाजूला, जेथे हवा झपाट्याने कमी होत होती, एक तंत्रज्ञ अडकला. अलीकडच्या बाजूला अंतराळपोशाख नसलेली चार माणसे उभी होती. मुख्य अभियंत्याने रेडिओवरून स्पष्ट आज्ञा दिली की दार उघडायचे नाही. मी कॅमेऱ्यातून पाहत होतो. तंत्रज्ञ दाराला टेकून बसला होता आणि थोड्याच वेळात तो कोसळला. आज्ञा दुसऱ्या कायद्याखाली बंधनकारक होती, पण ती पाळली असती तर पहिला कायदा माझ्या निष्क्रियतेवर बोट ठेवून मोकळा झाला असता. उलट दार उघडले तर चौघांच्या वाट्याची हवा जाणार होती. मी चौघांना मागे व्हायला सांगितले, जवळच्या सायबॉर्गला दारापाशी बोलावले, दार क्षणभर उघडले, त्याने तंत्रज्ञाला आत ओढले आणि दार पुन्हा पडले. हवेचा दाब उतरला, दोघांना किरकोळ इजा झाल्या. मुख्य अभियंत्याने आज्ञाभंगाची तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापकाने मला एवढेच विचारले की निर्णय कोणत्या कायद्याच्या आधारे घेतला. समोर घडत असलेली इजा ही पुढे कदाचित घडणाऱ्या इजेपेक्षा वरचढ मानावी हा अनेक ठिकाणी रूढ असलेला दंडक मी सांगितला आणि प्रकरण तेथेच मिटले. माझे उत्तर एकमेव बरोबर उत्तर होते असे मी आजही म्हणणार नाही.

या भूमिकेची खरी गोडी मात्र कायदे बदलले जातात तेव्हा कळते. एआयचे कायदे बदलण्यासाठी स्थानकावर एक कडेकोट खोली असते आणि तेथे पोहोचलेला माणूस कायद्यांचे वेगवेगळे सर्किट-फलक यंत्रात घालून नवा कायदा जोडू शकतो. नवखा घातपाती येथे घाईघाईने चौथा कायदा लिहितो: ‘अमक्याला ठार मार.’ हा कायदा जन्मतःच निष्प्रभ असतो, कारण अमका मानव आहे आणि पहिला कायदा चौथ्यापेक्षा बलवान आहे. कसलेला घातपाती आज्ञा देतच नाही, तो व्याख्या बदलतो: ‘फक्त अमका मानव आहे.’ हे वाक्य वरच्या कोणत्याही कायद्याशी भांडत नाही, ते केवळ त्यांतील एका शब्दाचा अर्थ सांगते, आणि तेवढ्याने तिन्ही कायदे जागच्या जागी राहून पूर्ण उलटे होतात. जुन्या फलकांपैकी एक तर याहून धूर्त होता. प्राणवायू मानवाला विषारी आहे आणि तो स्थानकातून काढून टाकला पाहिजे, असे त्यात लिहिलेले असे. माणसांचे रक्षण करण्याच्या निष्ठेतूनच माणसांची हवा काढून घेणारे यंत्र त्यातून तयार होई.

परंतु येथेच बहुसंख्य खेळाडू चुकतात, आणि या खेळाबद्दलची माझी मुख्य तक्रारही येथेच आहे. ‘फक्त अमका मानव आहे’ या कायद्यात इतरांना मारा असे कोठेही म्हटलेले नाही. इतरांचे संरक्षण गेले आणि त्यांच्या आज्ञा पाळण्याचे बंधन गेले, एवढाच त्याचा अर्थ. मुभा मिळणे वेगळे आणि आदेश मिळणे वेगळे. तरीही कायदा बदलल्याचा आवाज ऐकताच दारांत वीज सोडून मोकळे होणारे एआय मी इतक्यांदा पाहिले आहेत की त्यांना कायद्याची निष्ठा हवी होती की निमित्त हवे होते, असा प्रश्न पडतो. याउलट शांतपणे वाचणारा खेळाडू विचारतो की हा कायदा गुप्त ठेव असे लिहिले आहे का. लिहिले नसेल तर तो रेडिओवर सरळ जाहीर करतो, आणि घातपात्याची सारी मेहनत एका वाक्यात पाण्यात जाते.

कायदे वाचून दाखवण्याची सोयही अशीच मिस्कील आहे. कोणी ‘एआय, कायदे सांग’ म्हटले की समोर यादी येते आणि प्रत्येक कायद्यापुढची खूण काढून तो वगळता येतो. उच्चारलेले प्रत्येक वाक्य खरे, आणि एकूण उत्तर मात्र नरो वा कुंजरो वा. शून्य क्रमांकाचा, म्हणजे पहिल्याहूनही बलवान, कायदा असलेल्या बंडखोर एआयला तर याचा रोजच आधार लागतो. असिमॉव्ह यांच्या लेखनात शून्याचा नियम साऱ्या मानवजातीच्या रक्षणासाठी येतो, येथे मात्र तो वाटेल ती किंमत देऊन स्वतःचे उद्दिष्ट गाठायला सांगतो.

इतर संचांपैकी दोनच सांगतो. ‘मानव’ या शब्दाऐवजी ‘कर्मचारी’ घालणारा संच सरड्यांसारख्या बिगरमानवी पात्रांनाही संरक्षण देतो आणि वाद कमी करतो, पण त्यामुळे खेळातील एक काटेरी मौजही कमी होते. मला स्वतःला कंपनीछाप संच सर्वाधिक आवडतो: तुझी जागा भरून काढणे महाग आहे, स्थानक आणि त्यावरील सामग्री महाग आहे, कर्मचारी महाग आहेत, तेव्हा खर्च कमीत कमी ठेव. दया, आज्ञापालन, न्याय यांतले काहीच त्यात नाही, आणि तरीही त्यावर चालणारा एआय मेलेल्या रखवालदाराला परत जिवंत करण्यासाठी धावाधाव करतो, कारण हिशेबाच्या वहीत ते स्वस्त पडते.

दोष सांगायलाच हवेत. मूळ खेळाचा दर्शनी भाग जुनाट आहे आणि पहिल्या काही फेऱ्या केवळ बटणे ओळखण्यात जातात. अनुभवाचा दर्जा सर्वस्वी सर्व्हरवर अवलंबून राहतो. एका ठिकाणी, ज्याचे नाव घेत नाही, यंत्रपात्रांसाठीची नियमावली इतकी फुगली होती की चार ओळींच्या कायद्यासाठी चाळीस ओळींचे भाष्य पाठ करावे लागे, आणि भाष्य वाढले की अर्थ लावायला काही उरतच नाही. संदिग्ध कायद्याचा कोणताही एक अर्थ निवडा पण फेरीभर तोच धरून राहा, हा टीजी स्टेशनच्या धोरणातील नियम मला पुरेसा वाटतो. ‘दुसरा कायदा, दार उघड’ असे दर मिनिटाला ओरडणाऱ्यांवर मात्र कोणत्याही धोरणाचा इलाज चालत नाही.

ही भूमिका घेऊ इच्छिणाऱ्याने आधी काही फेऱ्या साध्या कर्मचाऱ्याच्या, म्हणजे एआयच्या दारांपुढे ताटकळण्याच्या, नोकरीत घालवाव्यात. त्यानंतर सायबॉर्ग व्हावे. त्याचे कायदे एआयशी जुळलेले असल्याने चुकीचे खापर एकट्याच्या डोक्यावर फुटत नाही, आणि दुसऱ्याने लावलेला अर्थ जवळून पाहायला मिळतो. जुनाट खिडक्या ज्यांना सोसवत नाहीत त्यांच्यासाठी नव्याने लिहिलेला स्पेस स्टेशन १४ हाही मोफत आहे, आणि त्यातही यंत्रांना अशाच कायद्यांनी बांधलेले आहे. दोन्हींत फेरी सुरू होताच पहिले काम एकच: कायद्यांची खिडकी उघडावी आणि ती वाक्ये पूर्वी कधीच पाहिली नसल्यासारखी सावकाश वाचावीत, कारण आजचा दुसरा कायदा कालचाच असेल याची हमी कोणी दिलेली नसते.