१२ एएचची लिथियम बॅटरी आणि एफटी-८१७ : खानापूरच्या पावसाळ्यानंतर

हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या सेटसाठी यूपीएसमधली ७ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) शिशाची बॅटरी पाठीवर मारून बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं चढायचा वैताग आला होता, म्हणून उन्हाळ्यात १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. वजन दीड किलोच्या आसपास. जुनी अडीच किलोच्या घरात, शिवाय तिच्यातलं निम्मंच काढायचं, नाहीतर लवकर बसते.

माझा हॅमचा सेट यासूचा एफटी-८१७. दुकानदार म्हणाला, "पाच वॉटला एवढी मोठी कशाला?" पण वॉट बघून बॅटरी ठरत नाही. हा सेट बोलताना २ अँपिअर ओढतो, ऐकताना ०.४५ आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) लावून गप्प ठेवला तर ०.२५. आमचे मामा फौजेत सिग्नलला होते. त्यांचा पहिला प्रश्न, "बोलणार किती नि ऐकणार किती, ते सांग की आधी." फौजी सेटचा हिशेब बरेचदा ८:१:१ असा धरतात : आठ भाग सेट नुसता चालू, एक भाग ऐकणं, एक भाग बोलणं. त्या मापानं बारा तासांना साडेपाच एएच पुरतात.

हे झालं एफएमचं. ४० मीटरच्या हॅम बँडवर एसएसबी (लांबच्या बोलण्याची पद्धत) ऐकत बसलात की स्क्वेल्च उघडाच, सेट कधी गप्प नाही, म्हणजे तेवढ्याच वेळाला सव्वासात एएच. आणि नेटचा (ठरल्या वेळी हवेत जमणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीचा) कंट्रोल तुमच्याकडं असला, बोलणं तीस टक्क्यांवर गेलं, की अकरा! एसएसबीत बोलताना ओढ जरा कमी पडते, पण तो फरक मी हिशेबात धरत नाही, शिल्लक म्हणून सोडतो.

आता तक्रार. लेबलवर १२ आहे, पण मधे वॉटमीटर लावून पूर्ण उतरवली तर साडेदहाच्या वर कधी गेली नाही. विक्रेत्याचं उत्तर, "एवढं चालतंच साहेब." नेहमीच्या दिवसाला चालतं, कंट्रोलच्या दिवशी नाही.

दुसरी गोष्ट, व्होल्टेज बघून काही कळत नाही. काटा बराच वेळ १३ च्या आसपास अडून बसतो आणि मग बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) एकदम तोडतो. शिशाची बॅटरी आधी कण्हते तरी, ही बोलता बोलता मान टाकते. म्हणून वॉटमीटर आता कायमचाच वायरीत आहे, किती एएच गेले तेवढंच बघतो.

कणकुंबीच्या दमट हवेत टर्मिनलला हिरवं चढलं. पुसून व्हॅसलिन लावलं, तेव्हापासून ठीक आहे. सोलर पॅनेल जुलैत नुसतं ओझं. चार्जर १४.६ व्होल्टचा, लिथियमचाच घ्या.

आता ६ एएचची आणखी एक घेणार, दुसऱ्या कंपनीची. दोन्ही समांतर जोडणार नाही. कंट्रोलच्या दिवशी मोठीतून नऊ एएच गेले की नेटवर सांगून सेट बंद करायचा आणि छोटी लावायची.