घरी बांधलेल्या गेम कन्सोलवर मायक्रोपायथन : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या पोळ्याच्या आसपास ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जुळवायची पाटी) जुळवलेला कन्सोल आता सोल्डर होऊन डब्यात बसलाय. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा चालतोच. आत रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. बटणं, तारा आणि ३२० बाय २४० चा डिस्प्ले नागपूरच्या बर्डी बाजारातून आणला. सी भाषेत वेग जास्त मिळाला असता. तरी मायक्रोपायथन, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीचं पायथन, घेतलं, कारण गेम लिहिणार होती माझी सातवीतली भाची.

मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहून आल्यावर तिचा गेम ठरला: वरून इडापिडा पडणार, पिवळी मारबत त्या गोळा करून नेणार. पडण्याचा वेग बदलायचा तर एक आकडा बदलायचा आणि लगेच चालवून पाहायचं. चूक झाली तर कितव्या ओळीत तेही कळतं. परवा कूलरसमोर बसून तिने तो आकडा किती वेळा बदलला असेल, मोजदाद नाही. माझ्या मते या भाषेची खरी कमाई हीच.

रंगांपायी मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली. "मामा, मी पिवळी लिहिली, ही जांभळी येऊन राहिली!" तिचा कोड बरोबर होता. फ्रेमबफ, म्हणजे मायक्रोपायथनचं चित्र काढायचं मॉड्यूल, प्रत्येक पिक्सेलचे दोन बाइट उलट क्रमाने ठेवतं आणि आयएलआय ९३४१ चिपच्या या डिस्प्लेला मोठा बाइट आधी लागतो. पिवळ्याचा हेक्स आकडा एफएफई०. उलटला की ई०एफएफ, आणि तो जांभळाच दिसतो. रंगाचा आकडाच उलटा लिहिला, काम झालं.

सगळ्यात जास्त दमवलं मेमरीने. पिकोत रॅम २६४ केबी, आणि पूर्ण पडद्याचा बफर (चित्र साठवायची मेमरीतली जागा) एकटाच १,५३,६०० बाइट खातो. गेम दुसऱ्यांदा सुरू केला की मेमरी एरर. मोकळी जागा पुरेशी दिसायची, पण सलग नसायची. मायक्रोपायथनचा कचरा गोळा करणारा भाग वस्तू जागेवरून हलवत नाही, त्यामुळे मधे मधे भोकं पडतात. शिवाय डिस्प्लेला डेटा नेणारी एसपीआय जोडणी ३१.२५ मेगाहर्ट्‌झवर असताना पूर्ण पडदा पाठवायला ३९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम २५ चित्रं.

शेवटी पूर्ण बफर काढूनच टाकला. आता जिथे काही हललं तेवढाच १६ बाय १६ चा तुकडा जातो, फक्त ५१२ बाइट. गेमच्या सतत फिरणाऱ्या लूपमध्ये नवीन लिस्ट करायची नाही, जुनीच वापरायची, आणि साफसफाई लेव्हल संपल्यावर आपणच सांगून करायची. हे पाळल्यापासून गेम अधूनमधून क्षणभर अडकायचा तो झटका गेला. दशांश आकडेही टाळले. मारबतीची पडद्यावरची जागा २५६ ने गुणून पूर्णांकात ठेवतो.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. बटणं हलकी निघाली, दोन बदलावी लागली.

वेगवान गेम करायचा असेल तर सीच घ्या. घरातल्या पोराला स्वतःचा गेम लिहू द्यायचा असेल तर मी पुन्हा मायक्रोपायथनच घेईन. भाचीला आता दुसऱ्या लेव्हलला काळी मारबत हवी आहे. तिच्यासाठी १२ केबी राखून ठेवलेत.