सोया आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल: उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंतचा अनुभव

जुलैत नवी बाटली उघडली तर आतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झाला होता. सुरीच्या टोकाने एक सोडवायला गेले, तर कवच फाटून पिवळसर पूड बोटांवर आली. सील शाबूत असलेली बाटली होती. कस्टमर केअरला फोटो पाठवले, उत्तर आलं की थंड व कोरड्या जागी ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी. फोंड्यात पावसात मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. गोव्यात माल विकायचा तर इथल्या हवेत टिकेल असं पॅकिंग करा. बाटली बदलून मिळाली नाही ती नाहीच.

पाळी गेल्यावर माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर सरकायला लागलं. बाबांना हृदयविकार होता, त्यामुळे धास्ती होतीच. डॉक्टर म्हणाले, आधी खाणं सुधारून बघू. कॅप्सूल मी आपणहून आणल्या. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की रक्तवाहिन्यांचं संरक्षणही घटतं. आयसोफ्लेवोन म्हणजे सोयातली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं. त्यातली जेनिस्टीन आणि डेडझीन ही इस्ट्रोजेनच्याच रिसेप्टरवर, म्हणजे ते पेशीत जिथे बसतं त्या जागी, त्यातही बीटा प्रकारच्या, जाऊन बसतात. वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटायला मदत होते, वाहिनी सैलावते. हे मला आजही पटतं. रात्री घामाने जाग यायची तेही बरंच कमी झालं, त्याचे पूर्ण गुण.

माझा खरा राग लेबलवर आहे. ‘आयसोफ्लेवोन ४० मिलिग्रॅम’ एवढंच छापलंय. कसले ४०? सोयाबीनमध्ये ही द्रव्यं बहुतेक साखरेला जोडलेली असतात. आतड्यात ती साखर सुटते, मग शरीर ती शोषून घेतं. साखरेसकट जेनिस्टीनचा रेणुभार ४३२, साखरेविना २७०. म्हणजे ४० साखरेसकट मोजले असतील तर कामाचं द्रव्य फक्त २५. हजाराच्या आसपास पैसे मोजणाऱ्या माणसाला हे कळायला नको? मेलवर मेल केले. उत्तर एकच, ‘आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे.’ मी ते विचारलंच नव्हतं.

पुढे रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल १५२ होतं ते १४९. एवढा फरक कॅप्सूल न घेताही दोन तपासण्यांत पडतो. मग नीट वाचायला बसले आणि लेबलपेक्षा मोठी गोष्ट हाती लागली. १९९५ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात सोयाने एलडीएल सुमारे १३ टक्के उतरलेलं दिसलं होतं, पण ते रोज सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रोटीन खाऊन. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने १९९९ मध्ये पाकिटांवर सोया हृदयाला चांगला असा दावा छापू दिला, तोही रोजच्या २५ ग्रॅम प्रोटीनचा. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळं पुन्हा तपासलं. एलडीएलमधली घट ३ टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि नुसत्या आयसोफ्लेवोनचा त्यावर परिणाम दिसला नाही. त्यांच्या गोळ्या घ्याव्यात अशी शिफारस त्यांनी केली नाही. २०१७ मध्ये एफडीएनेही आपला दावा मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. ज्या प्रोटीनवर हे सगळं उभं राहिलं, ते माझ्या कॅप्सूलमध्ये नावालाही नाही.

तरी सोयावरचा विश्वास उडालेला नाही. २०२० मध्ये दोन लाखांहून जास्त अमेरिकनांच्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी टोफू खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका १८ टक्के कमी आढळला. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा फायदा हार्मोनच्या गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला, म्हणजे माझ्यासारख्यांत. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. शिवाय डेडझीनपासून इक्वॉल हे जास्त प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. जपानमध्ये निम्म्याअधिक लोकांत असतात, पाश्चात्त्यांत जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्यात.

आता बाटली बंद, सोयाबीन सुरू. १०० ग्रॅम सुक्या दाण्यांत सुमारे १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन आणि ३६ ग्रॅम प्रोटीन असतं. मूठभर दाण्यांत कॅप्सूलएवढा डोस येतो, तोही काही रुपयांत. श्रावणात नुस्तं (मासे) बंद आणि अळमीचे (रानातल्या आळंब्यांचे) भाव चढलेले, तेव्हा याचंच तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटणाची आमटी, केलं. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला मऊ होईपर्यंत शिजवायचे. कच्चट राहिले तर पचत नाहीत. शिजवलेलं पाणी मात्र आमटीत घालते, कारण आयसोफ्लेवोन थोडे त्यात उतरतात. सोयाबीन तेलात ते जवळपास नसतातच. वाटणातला नारळ निम्म्यावर आणलाय. संपृक्त चरबी तेवढीच राहिली तर सोया घालून फारसं काही साधत नाही. सासूबाईंना कमी नारळाचं तोणाक अजून रुचलेलं नाही, पण ताटात काही उरत नाही.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आणि सोया यांत चारेक तासांचं अंतर ठेवावं, सोयाने ती नीट शोषली जात नाही. माझ्या बाटलीवर हेही कुठे छापलेलं नव्हतं.