मोठ्यांसाठी कॉमिक्स: कोणती घ्यावीत, कोणत्या क्रमाने वाचावीत

मोठ्यांसाठीचं कॉमिक निवडताना एक साधी कसोटी लावावी. चित्रं हाताने झाकून नुसते फुग्यांतले संवाद वाचले तर गोष्ट पुरती कळते का? कळत असेल तर ते पुस्तक खुशाल बाजूला ठेवा, मग त्यात कितीही रक्तपात आणि नग्नता असो. पुढची पुस्तकं या कसोटीला उतरतात.

सुरुवात आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'पासून करावी. वडील व्लादेक ऑशविट्झ या नाझी छळछावणीतून कसे वाचले, हे मुलगा त्यांना विचारून विचारून लिहून घेतो. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश म्हणजे डुकरं. ही योजना काही पानांतच अंगवळणी पडते आणि मग स्पीगलमन तिलाच हात घालतात. पोलिश असल्याचं सोंग घेऊन व्लादेक बाहेर पडतो, तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा असतो आणि त्याची दोरी डोक्यामागे बांधलेली दिसते. दुसऱ्या भागात तर खुद्द चित्रकारच टेबलाशी बसलेला आहे: अंग माणसाचं, तोंडावर उंदराचा मुखवटा, खाली प्रेतांचा खच. बापाच्या यातनांवर लिहिलेलं पुस्तक गाजतंय याची बोच त्या एका चित्रात आहे. मूळ चित्रं छापील आकारातच काढलेली असल्यामुळे रेषा जाड, खरबरीत राहिली आहे, आणि ती तशीच हवी. पहिला भाग 1986 चा, दुसरा 1991 चा. पहिला भाग व्लादेकला ऑशविट्झच्या दाराशी आणून सोडतो, म्हणून दोन्ही भाग एकत्र असलेलीच आवृत्ती घ्या.

मार्जान सात्रापी यांचं 'पर्सेपोलिस' त्यामानाने सोपं जातं. इराणमधल्या क्रांतीनंतरचं बालपण, ठसठशीत काळ्या-पांढऱ्या चित्रांत. इथेही फसगत तीच होते: बरेच जण बालपणाचा भागच घेतात आणि युरोपातलं एकटेपण, परत येणं हे सगळं राहून जातं.

अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' (1986-87) अनेक जण अर्ध्यात सोडतात, आणि त्याला कारण वाचण्याचा वेग. मूळ 12 अंक आहेत. एका बैठकीत एकच वाचावा. बहुतेक पानं नऊ समान चौकटींची आहेत, त्यामुळे चौकट मोठी झाली की काहीतरी घडलं हे डोळ्याला आपोआप कळतं. पाचवा अंक 28 पानांचा आहे. त्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी धरून बघा: मांडणी एकमेकांची आरशातली प्रतिमा. हे प्रतिबिंब आत आत सरकत मधल्या जोडपानांवर येऊन मिळतं. अंकांच्या शेवटी येणारी गद्य पानं कंटाळवाणी वाटून वगळली जातात. तसं करू नका, पात्रांचा भूतकाळ तिथेच उलगडतो. मध्येच सुरू होणारी चाच्यांची गोष्टही भरतीची नाही; तिची वाक्यं शेजारच्या चौकटीतल्या रस्त्यावरच्या प्रसंगाला लागू पडतात का, ते तपासत जा.

पत्रकारितेची आवड असेल तर जो सॅको यांचं 'पॅलेस्टाइन' घ्याच. त्यात एका कैद्याची चौकशी आहे. कोंडवासाचे दिवस वाढतात तशा पानावरच्या चौकटी आकसत, संख्येने वाढत जातात आणि शेवटी पान म्हणजे गजांची जाळीच होऊन बसते. वाचणाऱ्यालाही गुदमरायला होतं.

रिचर्ड मॅकग्वायर यांचं 'हिअर' मात्र कागदावरच वाचावं. एका खोलीचा एकच कोपरा, अब्जावधी वर्षांपूर्वीपासून दूरच्या भविष्यापर्यंत, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात सालाचा आकडा. खोलीचा कोपरा बरोबर पुस्तकाच्या घडीत बसवलेला आहे, म्हणजे उघडलेलं पुस्तक हीच ती खोली. मोबाइलवर एकेक पान सुटं दिसलं की हा सगळा खेळच संपतो. हीच अडचण थोड्याफार फरकाने सगळीकडे येते: वाचनाचं अॅप एकावेळी एक चौकट मोठी करून दाखवतं, मग पानाची रचना दिसतच नाही. स्क्रीनवरच वाचायचं असेल तर मोठा टॅब्लेट आडवा धरा आणि जोडपानं एकत्र दाखवणारी सोय चालू करा.

डेव्हिड मॅझुकेली यांच्या 'अॅस्टेरिऑस पॉलिप'मध्ये (2009) प्रत्येक पात्राच्या संवादाचं अक्षर वेगळं आहे. नवरा-बायकोचं भांडण पेटतं तसा तो निळ्या रेषांचा भौमितिक सांगाडा होत जातो आणि ती लाल रेघोट्यांची छायाकृती. रंग नीट छापला गेला नसेल तर हे निसटतं, म्हणून स्कॅन केलेल्या फिकट प्रतीच्या वाटेला जाऊ नका.

आंबेडकरांच्या जीवनावरचं 'भीमायन' (2011) चौकटीच नाकारतं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत पानं मोकळी सोडली आहेत. मायेने बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. कुठून कुठे वाचायचं हे सुरुवातीला चाचपडावं लागतं. या नांग्या आणि पक्षी शोधत गेलात की वाट सापडते.

केजी नाकाझावा यांचं 'बेअरफुट गेन' 10 खंडांचं आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा लेखक सहा वर्षांचे होते. पहिला खंड स्वतंत्रपणे वाचता येतो, पण त्याचा शेवट फार जड आहे, झोपण्यापूर्वी घेऊ नका. जपानी मांडणीतली आवृत्ती हाती आली तर उजवीकडून डावीकडे वाचायचं, पानं आणि चौकटी दोन्ही.

क्रिस वेअर यांचं 'जिमी कॉरिगन' उत्कृष्ट आहे, तरी पहिलं म्हणून कुणाला देऊ नका. अक्षर अतिशय बारीक, काळ न सांगता मागेपुढे होतो, काही पानांवर बाणांच्या मागे जावं लागतं. वरची तीन-चार पुस्तकं पचल्यावर भरपूर उजेडात बसून ते उघडा, आणि गरज वाटली तर भिंग जवळ ठेवा.